मरणाऱ्याच्या शेजारची खाट

बायको गेल्यावर मला माणसांच्या छातीकडे बघायची खोड लागली. छाती हलते का नाही, एवढंच बघायचं. टोकियोत ती खोड फार वाईट ठरली, कारण तिथे गाडीत सगळे झोपतात. निशी-कसाईहून गाडी सुटली की समोरच्या बाकावरची माणसं माना टाकायची. सुटातले बाप्ये, शाळेच्या पोरी, म्हाताऱ्या. तोंडं उघडी, हात सुटलेले. मी एकेकाची छाती बघत जायचो. थंडीतले जाड कोट असले की काही कळायचं नाही आणि मग माझ्या तळहाताला घाम सुटायचा. एकदा एका बाईची छाती हलताना दिसेना, तर मी उठून तिच्या तोंडापाशी वाकलो. ती दचकून जागी झाली. ओरडली नाही, पण तिने जो चेहरा केला तो बघून सुनेने मला पुढच्याच स्टेशनला खाली उतरवलं.

"बाबा, असं नाही करायचं हो. पोलिसाला बोलावतात इथे."

"मेलीबिली असती म्हणजे?"

"झोपली होती ती."

"तुझ्या सासूला पण सगळे झोपलीच म्हणत होते."

माझं बोलणं असंच आहे, सोलून ठेवलेलं. बायको होती तोवर ती मागून सावरून घ्यायची.

मी सातवीपर्यंत शिकलो आणि पिंपरीच्या कारखान्यात मशिनवर उभं राहून आयुष्य काढलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये गेला. त्या वर्षांत जपानी कंपन्या पुण्याची पोरं भराभर नेत होत्या. मुलाच्या बिल्डिंगखाली सायकली लावायच्या जागी उभं राहिलं की तेलुगू, तमिळ, मराठी सगळं कानावर यायचं. बायकोचे दिवस झाल्यावर मुलगा म्हणाला, "थोडे महिने चला, एकटे काय करणार इथे?" आलो. तिथेही दिवसभर एकटाच. मुलगा ऑफिसात, सून दुपारपर्यंत एका दुकानात पार्टटाइमला, नात शाळेत. नातीला काही विचारलं तर जपानीत उत्तर यायचं. दुपारी ती जमिनीवर आडवी झाली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. सुनेने ते बघितलं. मग ती पोरीला आतल्या खोलीत दार लावून झोपवायला लागली.

भीती तर मला सगळ्याचीच वाटायची. जमीन हलली, मांडणीवरची भांडी किणकिणली की नात निवांत टेबलाखाली जाऊन बसायची आणि मी चौकट धरून देवाचं नाव घ्यायचो. गरम होणाऱ्या संडासाची भीती. लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करणाऱ्या बायकांची भीती. आणि कचऱ्याची. कुठल्या दिवशी जळणारा, कुठल्या दिवशी न जळणारा, कुठल्या दिवशी बाटल्या, हे माझ्या डोक्यात राहायचं नाही. एका सकाळी मी पिशवी घेऊन खाली गेलो तर मागून आवाज आला, "आज नहीं, बुढ्ढे. आज बोतल का दिन."

वळून बघतो तर गोरा म्हातारा. लांबलचक, हाडकलेला, कानातून केस आलेले. चेहरा असा की वाटावं, ह्याला आपण कुठेतरी बघितलंय. पुढे कळलं की त्या चेहऱ्यावरच त्याचं पोट चाललं होतं.

"तुमको हिंदी आता है?" मी विचारलं. माझी हिंदी कारखान्यातली.

"हम देवळाली का बच्चा," तो म्हणाला. बाप पलटणीत होता, हा देवळालीला आयाच्या कडेवर वाढला. ती आया नाशकाकडची असणार, कारण तो चिडला की मध्येच स्वच्छ मराठीत "गप बस" म्हणायचा.

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा. बायको जपानी होती, ती जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. इमारतीमागच्या बागेत बाक होता, तिथे आम्ही बसायला लागलो. मी त्याला बुढ्ढा म्हणायचो, तो मला. दोघांनाही नावं सांगायची गरज पडली नाही.

तो नट होता. हिरो नव्हे. हिरोला दार उघडणारा, हिरोला पकडायला येणारा, हिरोच्या हातून मरणारा. तो सांगायचा, त्याचा चेहरा जन्मतःच पन्नाशीचा होता. विलायतेत लहान गावांच्या नाटक कंपन्यांत दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी ह्या आठवड्याचा खेळ. त्यात त्याने विशीतच सासरे, पाद्री, हवालदार, दारुडे म्हातारे सगळे केले. केसांना पावडर लावायची आणि उभं राहायचं. मग लंडन, मग सिनेमे, मग टीव्ही. पण काम कुठलंही असो, तो मरायचा. कुणी विष घालायचं, कुणी जिन्यावरून ढकलायचं. नाटकात पहिल्या अंकात मेला की बाकीचे अंक मेकअपच्या खोलीत पेपर वाचत बसायचा आणि शेवटी सगळ्यांबरोबर पुढे येऊन वाकायचा.

"मुर्दा भी सलाम करता है," म्हणाला. "पब्लिक ताली बजाता है."

"हमारे यहाँ मुर्दा उठा तो पब्लिक भागेगा," मी म्हणालो.

तो पोट धरून हसला. मी नाही हसलो. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

एका नाटक कंपनीबरोबर तो जपानात आला आणि कपडेपटातल्या बाईशी लग्न करून राहिला. मग इथल्या टीव्हीवर गोरा म्हातारा हवा असला की हाच. मिशनरी हा, वकील हा, कोबे बंदरातला जुना व्यापारीही हा. रविवारी तो लग्नाच्या हॉलांत खोटा पाद्री व्हायचा. इथल्या पोरींना गोऱ्या पाद्र्यासमोर लग्न लागलेलं आवडतं, पाद्री खरा नसला तरी चालतो. झगा घालायचा, हात वर करायचे, आशीर्वाद द्यायचा.

पण एक गोष्ट त्याला सलत होती, आणि ती त्याने मला अनेकदा सांगितली. तो मरायला लागला की कॅमेरा दुसरीकडे जायचा. गोळी लागली की हिरोच्या चेहऱ्यावर. विष चढलं की हिरॉइनच्या डोळ्यांवर. एवढा जन्म मरण्यात गेला, पण त्याचं मरण पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी बघितलंच नव्हतं.

एका दुपारी तो बाकावर आला तो लालबुंद होऊन. इथल्या एका टीव्ही मालिकेत त्याला काम मिळालं होतं. खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवून म्हातारा झालेला मास्तर, तो इस्पितळात मरतो. खाटेजवळ कुणी नाही. सबंध मरण त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यावर. दिग्दर्शकाने तसं कबूल केलं होतं.

"आखिरी काम," तो म्हणाला. डॉक्टरने त्याला काम बंद करायला सांगितलं होतं, छातीचं दुखणं होतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हारा औरत कैसे मरा?"

मी म्हणालो, "क्या?"

"साँस कैसे था? हमारा औरत का हमने नहीं देखा. नर्स ने बाहर निकाला. तुम देखा. बताओ."

मी उठलो. मराठीतच बोललो, "माझ्या बायकोचा तमाशा करतोस काय रे भडव्या?" आणि घरी आलो. राग आला म्हणून नव्हे. भीती वाटली. मला वाटलं, ते तोंडातून बाहेर काढलं तर ते पुन्हा घडेल.

बरेच दिवस मी बागेकडे फिरकलो नाही. पण एक विचार डोक्यातून जाईना. ती गेल्यापासून एवढी माणसं भेटली, मुलगा, भाऊबंद, शेजारी, कारखान्यातले जुने सोबती, पण कसं झालं हे मला एकानेही विचारलं नव्हतं. सगळे मलाच सांगायचे, "शांतपणे गेली हो." ती शांतपणे गेली नव्हती. खाटेशी मी होतो, ते नव्हते. मुलाला सांगायला गेलो तर तो म्हणायचा, "बाबा, नको ना आता." मग मी ते पोटात घेऊन हिंडायचो आणि गाडीतल्या लोकांच्या छात्या बघायचो.

शेवटी खाली गेलो आणि बाकावर बसून सगळं सांगितलं. आधी श्वास भराभर चालला, धावत आल्यासारखा. मग बारीक झाला. मग थांबला. संपलं म्हणून मी तिचा हात खाली ठेवला तर एकदम मोठा श्वास आला, खोल विहिरीतून ओढल्यासारखा, हनुवटी वर गेली. पुन्हा भराभर, पुन्हा बारीक, पुन्हा थांबला. मशिनची वीज बंद केली तरी पट्टा फिरत राहतो, हळू होतो, एक आचका देतो, तसं. दर वेळी वाटायचं, हा शेवटचा. दर वेळी पुढचा यायचा. आणि मग एकदा आला नाही. मी वाट बघत राहिलो. अजून बघतोय असं वाटतं.

मी पाणी द्यायचं म्हणालो होतो, तुळशीचं पान टाकून. सोबत बाटलीतून नेलं होतं. नर्स म्हणाली, "काका, ठसका लागेल, मास्क काढायचा नाही." बाटली खिशातच राहिली.

म्हातारा ऐकत होता. डोळे मिटून घेतले होते आणि मी सांगेन तसा त्याचा श्वास बदलत होता. ते बघून माझ्या मानेवर काटा आला. म्हणालो, "बंद कर." त्याने बंद केलं.

मग म्हणाला, "दूसरा खटिया पर एक बीमार बुढ्ढा चाहिए. सिर्फ सोना है. तुम आओ." खरं कारण त्यालाही ठाऊक होतं, मलाही. एकट्याने जायला तो भीत होता.

घरी सांगितलं तर सून घाबरली. "बाबा, तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर आहात. काम करायचं नसतं."

"काम कसलं? खाटेवर पडायचंय. इथे वेगळं काय करतो?"

मुलगा म्हणाला, "टीव्हीवर दिसलात आणि कुणी तक्रार केली तर माझी नोकरी जाईल, बाबा."

"तिकडे तोंड करून झोपीन. आणि एक पैसा घेणार नाही." शेवटी सून म्हणाली, "जाऊ दे त्यांना. कुणाशीतरी बोलतायत तरी." पण दोन दिवस मला रस्त्यात पोलीस दिसला की मी वाट बदलायचो.

शूटिंग शहराबाहेर एका बंद पडलेल्या इस्पितळात होतं. असं इस्पितळ सिनेमावाले भाड्याने घेतात. जिन्यात अंधार, भिंतीवर जुन्या पाट्या, आणि वास तसाच. इस्पितळाचा वास जात नाही, माणसं गेली तरी. मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. म्हाताऱ्याने माझा कोपर धरला होता. आधार त्याला हवा होता की मला देत होता, कोण जाणे.

आम्हाला निळे झगे घातले. खोलीत दोन खाटा, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्यासारखा चंबू आणि पेला. मी खाटेकडे बघितलं आणि विचारलं, "उत्तर किधर?" दक्षिणेकडे पाय करून मी निजणार नव्हतो, मेलेल्याला तसं ठेवतात. वाटलं, आता सगळे हसतील. म्हाताऱ्याने त्यांना जपानीत सांगितलं. कुणी हसलं नाही. सामान मांडणारा एक वयस्क माणूस पुढे आला, खिडकीकडे हात करून काहीतरी म्हणाला. त्याने खाटा सकाळीच फिरवून ठेवल्या होत्या. त्यांच्यातही जिवंत माणूस उत्तरेला डोकं करत नाही. मला जरा धीर आला. थोडाच.

मला सांगितलं, कुशीवर झोप, डोळे मीट, हलू नको. दिवे लागले. कुणीतरी ओरडलं. आणि त्याने सुरू केलं.

आधी भराभर. मग बारीक. मी डोळे घट्ट मिटले. मिटल्यावर वाईट झालं. डोळे मिटले की खोली पिंपरीची झाली. श्वास थांबला. मी मोजलं नाही, पण मला ती लांबी पाठ आहे. मग तो मोठा श्वास आला, विहिरीतला. मी डोळे उघडले. त्याची हनुवटी वर गेली होती. ओठ राखाडी पडले होते. रंगवले होते का? सकाळी रंगवले होते का? आठवेना. छातीचं दुखणं होतं त्याला. डॉक्टरने नको म्हटलं होतं. आणि खोलीत एवढी माणसं उभी, आणि सगळी झोपलेल्याला बघतात तशी बघत होती. मला वाटलं, ह्यांना कळत नाहीये. हा खरंच चालला. पुन्हा बारीक झाला, पुन्हा थांबला.

मी उठलो. पेल्यात बोटं बुडवली आणि त्याच्या ओठात पाणी सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. तोंडातून नाव निघत होतं, देवाचं का तिचं, ते माझं मला माहीत.

त्याने डोळे उघडले, ठसकला, आणि ओरडला, "अभी नहीं मरा, बुढ्ढे! गप बस!"

सगळी खोली गार पडली. मनात आलं, आता पोलीस. आता मुलाची नोकरी. आणि ह्या माणसाचं आयुष्यभराचं काम मी पाण्यात घातलं. पण ती माणसं चिडलेली दिसेनात. त्या वयस्क माणसाने तर दोन्ही हात पोटाशी जोडून मान खाली घातली होती.

म्हातारा तोंड पुसत म्हणाला, "इन का भी यही रिवाज. मरनेवाले का होंठ पानी से गीला करते हैं."

दिग्दर्शक पुढे आला. टोपी हातात घेतली होती. म्हाताऱ्याशी बराच वेळ बोलला, मध्ये मध्ये माझ्याकडे बघत. म्हातारा ऐकता ऐकता बारीक होत गेला. सुतळीसारखा. मग त्याने मला सांगितलं, पण माझ्याकडे न बघता, "वो बोलता है बहुत अच्छा था. बोलता है, फिर से करो. तुम पानी दो. कैमरा तुम पर आएगा."

कॅमेरा तुम पर आएगा. तो हे पाद्र्यासारखं बोलला, कसलाच आवाज न चढवता. पण त्याचे हात चादरीवर होते आणि चादर चुरगळत होती. मी आजवर मलाच भ्यालेला समजत होतो. तोही भ्याला होता. मरायला नाही. पुन्हा एकदा कुणी बघणार नाही, ह्याला.

मी म्हणालो, "उसको बोल, नहीं. मेरे औरत को पानी नहीं दिया, नाटक को देगा क्या? कैमरा तेरे ऊपर. मैं सोएगा."

"हिलेगा तो?"

"नहीं हिलेगा."

"हम दूसरा मरना मर सकता," तो हळू म्हणाला. "सिंपल. तुम्हारा औरत का नहीं. बहुत आता है हम को."

हो म्हणणं सोपं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मला ते सगळे आठवले, शांतपणे गेली म्हणणारे. मी म्हणालो, "वोही कर. बराबर कर."

खाटेवर जाऊन पडलो. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत, पाठ कॅमेऱ्याकडे करून भिंतीकडे तोंड केलं. खाटेच्या लोखंडी दांडीला हात घातला, बोटं पांढरी होईपर्यंत. आणि त्याने सुरू केलं.

एवढी भीती मला ती खरोखर गेली तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा काहीतरी करत तरी होतो, नर्सला हाका मारत होतो, तिचे तळवे चोळत होतो. आता नुसतं पडायचं होतं. भराभर. बारीक. थांबला. प्रत्येक थांबण्यात मला वाटायचं, आता उठावं, ह्या वेळी खरं आहे. दांडी सोडली नाही. विहिरीतला श्वास आला. पुन्हा भराभर. माझा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर जायला लागला आणि मी तोंडात चादर धरली. बारीक. थांबला.

मग पुढचा आला नाही.

आला नाही. आला नाही. भिंतीवर एक ओलीचा डाग होता, त्याच्याकडे बघत मी वाट बघितली. खोलीत कुणी खोकलं नाही. मग दिग्दर्शकाने आवाज दिला, दिवे उतरले, माणसं हलली, तरी तो आला नाही. माझ्या घशातून काहीतरी निघालं. आणि मागून, शेजारच्या खाटेवरून, तो आला. साधा. नाकातून, शिंक यायच्या आधी येतो तसा.

तिचा तेवढा यायचा राहिला होता.

म्हाताऱ्याने सर्वांत आधी दिग्दर्शकाला हाक मारली आणि जपानीत काही विचारलं. मला जपानी येत नाही, पण काय विचारलं ते कळलं. दिग्दर्शकाने बोट त्याच्या छातीकडे केलं, मग खालपासून वरपर्यंत हवेत फिरवलं. सगळं. सगळं तुमच्यावरच.

मला उठता येईना. पुढच्या शॉटसाठी खाटा हलवायच्या होत्या, पोरं दोर आणि दिवे घेऊन उभी होती. तो निळ्या झग्यात उठून माझ्या खाटेच्या कडेवर येऊन बसला. अंगाला घामाचा आणि पावडरीचा वास.

"डर गया?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरी भाषा सुचली नाही.

"हम भी."

त्याने दांडीवरची माझी बोटं एकेक करून सोडवली. ती पोरं तशीच थांबून राहिली. आम्हाला कुणी उठा म्हणालं नाही.